संध्याकाळी सहा वाजता बूथवर कोण असते?

१५ जानेवारी २०२६ रोजी छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) मुकुंदवाडीने महापालिकेसाठी मत दिले, ते जवळजवळ पावणेअकरा वर्षांनी. आधीची निवडणूक एप्रिल २०१५ मधली. एप्रिल २०२० मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे पावणेसहा वर्षे शहर प्रशासकाच्या हाती राहिले. ज्या वस्तीतली मुले २०१९ च्या टंचाईत भांडी घेऊन रेल्वेने औरंगाबाद स्थानकावर पाणी भरायला जात होती, त्या वस्तीला नगरसेवक कशाला हवा, हे समजावून सांगावे लागत नाही. नळाला पाणी नाही, ड्रेनेज तुंबले, खांबावरचा दिवा बंद पडला, तर दार कुणाचे वाजवायचे, याचे उत्तर म्हणजे नगरसेवक.

या वेळी २९ प्रभागांतून ११५ नगरसेवक निवडायचे होते. प्रभाग बहुसदस्यीय असल्यामुळे बहुतेक मतदारांना चार-चार मते द्यायची होती. विधानसभेला आणि लोकसभेला यंत्राशेजारी काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते; महापालिकेला ती दाखवणारे व्हीव्हीपॅट नव्हते. चार बटणे दाबली, आवाज झाला, मतदार बाहेर आला. त्याच दिवशी राज्यात अनेक ठिकाणी बोटावरची मार्करची शाई पुसली जात असल्याच्या तक्रारी झाल्या आणि राज्य निवडणूक आयोगाला चौकशी जाहीर करावी लागली.

मत दिले, ते नीट मोजले गेले का? हा प्रश्न हरलेल्या उमेदवाराचा आहे असे समजून आपण तो बाजूला सारतो. तो मतदाराचा आहे. गेल्या दोन वर्षांत महाराष्ट्र या प्रश्नावर जितका भांडला, तितका क्वचितच भांडला असेल. म्हणून हा आढावा: वाद नेमका कशाचा आहे, कोणत्या आरोपात किती दम निघाला, भारत निवडणूक आयोगाच्या उत्तरात काय पुरेसे आहे आणि काय नाही, आणि साध्या नागरिकाला यात जागा कुठे आहे.

एक शब्द, चार प्रश्न

चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की सगळे एकाच शब्दात येते: ईव्हीएम. प्रत्यक्षात चार निरनिराळे प्रश्न आहेत. मतदार यादी खरी आहे का? मतदान केंद्रावर जे घडले त्याची नोंद खरी आहे का? यंत्राने मत जसेच्या तसे घेतले का? आणि निकालानंतर शंका आली तर तपासायला पुरावा हाती मिळतो का? चारही प्रश्नांचे पुरावे वेगळे आणि उपायही वेगळे. ते एकत्र कालवले की आरोप करणाऱ्याचेही फावते आणि उत्तर टाळणाऱ्याचेही.

यादी: शेजाऱ्याला जे दिसते

२०२४ च्या लोकसभेला राज्यात सुमारे ९ कोटी २९ लाख मतदार होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला ते ९ कोटी ७० लाख झाले. सहा महिन्यांत सुमारे चाळीस लाखांची भर कशी पडली, हा काँग्रेसचा आणि राहुल गांधींचा मुख्य सवाल होता. भारत निवडणूक आयोगाने जून २०२५ मध्ये सांगितले की यादीवर हरकत घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे फक्त ८९ अपिले आली आणि त्यापुढे मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अवघे एक. राजकीय पक्षांनी नेमलेले बूथ प्रतिनिधी होते १ लाख ३ हजार ७२७, त्यांत काँग्रेसचे २७ हजार ९९.

हे आकडे आयोगाने यादीच्या शुद्धतेचा दाखला म्हणून दिले. मला त्यांत दुसरीच गोष्ट दिसते. राज्यात मतदान केंद्रे एक लाखाच्या वर. म्हणजे सगळ्या पक्षांचे मिळून दर केंद्रामागे सरासरी एक माणूस यादी पाहायला होता. साडेनऊ कोटींहून अधिक नावांच्या यादीवर ८९ अपिले येतात, याचा अर्थ यादी निर्दोष होती असा होत नाही; ती वाचायला फारसे कुणी बसले नाही, एवढाच निघतो. आयोगाच्या बाजूने हे खरे की वेळेवर हरकत न घेता निकालानंतर ओरड करणे हा पक्षांचा आळस आहे. पण पक्षांच्या आळसाची शिक्षा मतदाराला का?

बोगस अर्जांचे प्रकार कपोलकल्पित नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात विधानसभेआधी ऑनलाइन आलेले साडेसहा हजारांहून अधिक नवे अर्ज खोटे आढळले. ते फेटाळले गेले आणि ऑक्टोबर २०२४ मध्येच पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. सोलापूरला लागून असलेल्या कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात उलट प्रकार झाला. तिथे २०२२-२३ च्या हिवाळ्यात ६,०१८ नावे वगळण्याचे अर्ज आले; तपासाअंती खरे निघाले फक्त २४. हे उघडकीला आले, कारण एका मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला (बीएलओ) स्वतःच्याच नातलगाचे नाव कापायला निघालेला अर्ज दिसला. दोन्ही ठिकाणी डाव फसला, ही यंत्रणेच्या बाजूची गोष्ट. तो फसला कारण नाव ओळखणारा माणूस यादीसमोर होता, ही आपण लक्षात ठेवायची गोष्ट.

१ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत शरद पवार, उद्धव ठाकरे आणि राज ठाकरे याच मुद्द्यावर ‘सत्याचा मोर्चा’ घेऊन एकत्र रस्त्यावर उतरले. त्याच महिन्यात राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारांकने लावायचे ठरवले. म्हणजे दुबार नावे आहेत, हे दोन्ही बाजूंना मान्य झाले. ती चुकीने आली की हेतूने, हा वाद उरला. मात्र आकड्यांशी खेळताना हात किती जपून ठेवावा लागतो, हेही याच वर्षाने दाखवले. ऑगस्ट २०२५ मध्ये सीएसडीएस या संशोधन संस्थेचे संजय कुमार यांनी रामटेक आणि देवळालीतल्या मतदारसंख्येत मोठी घट झाल्याचे आकडे जाहीर केले. ते चुकीचे निघाले, आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. पाळत ठेवणाऱ्याच्या एका चुकीने दहा खऱ्या तक्रारींची किंमत उतरते.

मुकुंदवाडीसारख्या भागात यादीचा प्रश्न अधिक अवघड आहे. चिकलठाणा एमआयडीसीत कामाला येणारी माणसे भाड्याच्या खोल्या बदलत राहतात. जून २०२५ मध्ये जालना रोडवरच्या अतिक्रमणांवर महापालिकेचे जेसीबी इथे चालले. घर किंवा दुकान गेले की पत्ता तुटतो. त्यात महापालिकेला स्वतंत्र यादी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडतात, आणि फोडताना गल्लीचा एक तुकडा शेजारच्या प्रभागात जाऊन पडतो. कोण राहते, कोण गेले, कोण वारले, हे कुठल्याही सर्व्हरपेक्षा गल्लीतल्या किराणा दुकानदाराला आधी कळते. नाव घालायला सहा नंबरचा अर्ज, वगळायच्या हरकतीला सात नंबरचा, दुरुस्तीला आठ नंबरचा. हे तीन आकडे वस्तीतल्या दहा जणांना पाठ असले, तरी यादीची अर्धी राखण झाली.

केंद्र: शेवटच्या तासाचा वाद

२० नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी पाच वाजता राज्यातले मतदान ५८.२२ टक्के सांगितले गेले. अंतिम आकडा आला ६६.०५. मधले पावणेआठ टक्के कुठून आले, या प्रश्नाने अख्खा हिवाळा गाजला. आयोगाचे उत्तर असे: पाचचा आकडा हा फोनवर गोळा केलेला अंदाज असतो, एकूण ६ कोटी ४० लाखांवर मतदारांनी मत दिले, म्हणजे सरासरी तासाला ५८ लाख, त्या हिशेबाने शेवटच्या दोन तासांत ६५ लाख मते पडणे अशक्य नाही, उलट सरासरीपेक्षा ते कमीच आहे. शिवाय सहाच्या ठोक्याला जे रांगेत असतात, त्यांना शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटतात, आणि त्यांचे मतदान होईपर्यंत केंद्र बंद होत नाही. सहानंतर ७६ लाख मते पडल्याचा दावा करणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळली. सर्वोच्च न्यायालयातही ती टिकली नाही.

गणित म्हणून आयोगाचे उत्तर पटण्यासारखे आहे. पण सरासरी हा पुरावा नव्हे. पुरावा होता, आणि तो प्रत्येक केंद्रावर होता. त्याचे नाव १७-सी.

मतदान संपले की केंद्राध्यक्ष त्या यंत्रात एकूण किती मते नोंदली गेली याचा हिशेब १७-सी या नमुन्यात भरतो. १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार त्याची खरी प्रत हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला द्यावी लागते. मोजणीच्या दिवशी तोच आकडा यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. एक लाख केंद्रांवरच्या एक लाख कागदांची बेरीज हेच त्या पावणेआठ टक्क्यांचे खणखणीत उत्तर ठरले असते. ती बेरीज ना कोणत्या पक्षाने लोकांपुढे मांडली, ना आयोगाने. एडीआर आणि कॉमन कॉज या संस्थांनी केंद्रनिहाय आकडे जाहीर करण्याची मागणी केली होती. मे २०२४ मध्ये, लोकसभेचे मतदान चालू असताना, सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. दुसऱ्याच दिवशी आयोगाने मतदारसंघनिहाय मतांचे पूर्ण आकडे दिले, केंद्रनिहाय नव्हे.

इथे कायद्यातली उणीव दिसते. मतदान केंद्रात मतदार, कर्मचारी, उमेदवार, त्यांचे एजंट, कामावरचे सरकारी नोकर आणि आयोगाने परवानगी दिलेले लोक, एवढ्यांनाच जागा आहे. आयोगाचे निरीक्षक हे सरकारी अधिकारी असतात. कुठल्याही पक्षाचा नसलेला नागरिक निरीक्षक म्हणून तिथे बसेल, अशी तरतूदच नाही. म्हणजे लोकशाहीची राखण करायची, तर आधी कुणाची तरी बाजू घ्यावी लागते.

एजंटला अधिकार मात्र कमी नाहीत. सकाळी अभिरूप मतदान होते; त्यात किमान ५० मते टाकून ती मोजून दाखवतात आणि मग यंत्र कोरे करतात. समोरचा माणूस तोतया वाटला तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. आपले मत आधीच कुणी दिलेले निघाले, तर मतदाराला प्रदत्त मतपत्रिका मागता येते. यंत्रांचे सील आणि क्रमांक टिपून घेता येतात. यातले किती एजंटांना ठाऊक असते? अनेकांची हजेरी सकाळच्या चहापासून दुपारच्या डब्यापर्यंत असते. सहा वाजता, १७-सीवर सही करायच्या वेळी, बाकावर कोण उरलेले असते, यावर निवडणुकीची खरी राखण ठरते.

यंत्र: सिद्ध काय झाले, पटले काय

ईव्हीएम पहिल्यांदा वापरले गेले मे १९८२ मध्ये, केरळातल्या परूरच्या ५० केंद्रांवर. कायद्यात आधार नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान रद्द ठरवले. पुढे कायदा बदलला. २०१३ च्या निकालाने व्हीव्हीपॅट आले आणि २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. २६ एप्रिल २०२४ ला न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांनी मतपत्रिकेवर परत जाण्याची आणि सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी नाकारली. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रे तपासून घेण्याची वाट त्यांनी मोकळी केली.

महाराष्ट्रात विधानसभेला १,४४० व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या; कुठेही तफावत निघाली नाही, असे आयोगाने सांगितले. दहा मतदारसंघांतल्या यंत्रांची पुढे तपासणी झाली, तीतही दोष निघाला नाही. नांदेड हे तर सगळ्यांनाच कोडे वाटले. एकाच दिवशी तिथे लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभेचे मतदान झाले. विधानसभेच्या सहाही जागा महायुतीला आणि लोकसभा १,४५७ मतांनी काँग्रेसला गेली. एकाने याला गडबडीचा पुरावा म्हटले, दुसऱ्याने गडबड नसल्याचा. खरे तर तो यातल्या कशाचाच पुरावा नव्हे. मराठवाड्यातला मतदार दोन बटणे दोन हिशेबांनी दाबू शकतो.

यंत्र हॅक झाल्याचे आजवर कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही. हे स्पष्ट म्हटले पाहिजे, कारण संशयाचाही एक बाजार असतो. मे २०२४ मध्ये याच शहरात एका लष्करी जवानाला पोलिसांनी पकडले. चिप बसवून यंत्रातली मते फिरवून देतो, असे सांगून त्याने शिवसेना (ठाकरे गट) नेते अंबादास दानवे यांच्याकडे अडीच कोटी रुपये मागितले होते. दानवेंनी पोलिसांना कळवले. त्या माणसाला यंत्रातले काही कळत नव्हते; तो कर्जात बुडाला होता. अफवेवर विश्वास ठेवणारे गिऱ्हाईक भेटेल, एवढाच त्याचा भरवसा.

तरीही ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘लोकांना पटले’ यांत अंतर आहे. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ ला हेच अंतर मोजले. यंत्रात घोटाळा झाला, असे ते न्यायालय म्हणाले नाही. तांत्रिक ज्ञान नसलेल्या सामान्य नागरिकाला मतदानाचे आणि मोजणीचे मुख्य टप्पे स्वतः तपासता आले पाहिजेत, हे त्याचे म्हणणे.

कागद मात्र आपोआप पवित्र होत नाही. ३० जानेवारी २०२४ ला चंदीगडच्या महापौर निवडणुकीत पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका स्वतः खराब केल्या. कॅमेऱ्यात ते दिसले, म्हणून तीन आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयाला निकाल फिरवता आला. हरयाणातल्या पानिपत जिल्ह्यात २०२२ च्या सरपंच निवडणुकीत एका केंद्रावर दोन उमेदवारांचे आकडे लिहिताना अदलाबदल झाली. यंत्रे जपून ठेवली होती, म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात फेरमोजणी झाली आणि निकाल बदलला. मतपत्रिका असो वा यंत्र, न्याय मिळाला तो पुरावा शाबूत होता म्हणून.

पुराव्याचे दार

म्हणूनच चौथा प्रश्न मला सर्वांत कळीचा वाटतो. २० डिसेंबर २०२४ ला निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलला गेला आणि सीसीटीव्ही चित्रणासारखी इलेक्ट्रॉनिक नोंद सामान्य नागरिकाच्या हाताबाहेर गेली. मे २०२५ मध्ये आयोगाने कळवले की निवडणूक याचिका दाखल नसेल, तर चित्रण ४५ दिवसांनी नष्ट करावे. चित्रणाचा गैरवापर होतो आणि मतदाराची ओळख उघडी पडते, ही आयोगाची बाजू. ती पोकळ नाही. कोण मतदानाला आला नाही हे कळले, तर गावगुंड त्याच्या दारात उभा राहू शकतो. पण याचिकेची मुदतही ४५ दिवसांचीच आहे. याचिकेसाठी पुरावा लागतो, आणि पुरावा मिळवण्यासाठी आधी याचिका लागते. औरंगाबाद पूर्व मतदारसंघाचा निकाल २०२४ मध्ये २,१६१ मतांनी लागला. एवढ्या फरकात हरलेल्याला पुरावा पाहता येणे ही त्याच्यावर मेहेरबानी नव्हे. जिंकलेल्याचा विजयही त्यानेच निर्मळ होतो.

मारकडवाडीने काय शिकवले

माळशिरस तालुक्यातले मारकडवाडी गाव या सगळ्या वादाचे प्रतीक बनले. तिथे उत्तमराव जानकर मतदारसंघात जिंकले, पण गावात त्यांना ८४३ आणि भाजपच्या राम सातपुतेंना १,००३ मते दाखवली गेली. गावकऱ्यांना ते पटेना. त्यांनी ३ डिसेंबर २०२४ ला स्वखर्चाने मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान थांबले, गुन्हे दाखल झाले. पाच दिवसांनी शरद पवार गावात पोहोचले.

स्वतः मोजून पाहू, असे म्हणणाऱ्या गावाला पोलीस बंदोबस्ताने उत्तर देणे चूक होते. पण ते मतदान झाले असते, तरी सत्य कळले नसते. निकालानंतर, गावाच्या डोळ्यांदेखत, आपण भाजपला मत दिले होते असे कोण सांगेल? दबावाखाली दिलेले दुसरे मत पहिल्याचा पुरावा होत नाही. मारकडवाडीचा प्रश्न बरोबर होता, वेळ चुकली होती. त्याचे उत्तर २० नोव्हेंबरच्या संध्याकाळी बूथवरच्या कागदात आणि २३ नोव्हेंबरच्या मोजणीत शोधायला हवे होते.

या गावाने दुसरी अडचणही उघडी केली. केंद्रनिहाय आकडे तपासणीला हवेत, पण त्याच आकड्यांनी कोणत्या वस्तीने कुणाला पाडले, हे पुढाऱ्याला कळते. टँकरवर जगणाऱ्या वस्तीला याची भीती खरी असते. यावर टोटलायझर नावाचे यंत्र आयोगाने सुचवले होते. त्यात अनेक केंद्रांची मते एकत्र मिसळून मोजता येतात. ते अजून आलेले नाही. माझ्या मते मार्ग असा: किती मते पडली, हा आकडा केंद्रनिहाय सर्वांना द्यावा. कुणाला किती पडली, ते केंद्रे एकत्र करून सांगावे, आणि मूळ नोंद न्यायालयासाठी सीलबंद ठेवावी. पडताळणीही राहते, वस्तीही झाकली राहते.

आपल्याकडे आणि बाहेर

नागरिकांनी निवडणुकीवर डोळा ठेवावा, ही कल्पना परकी नाही. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांनी ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’ उभी केली आणि निवडणूक सुधारणांसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते सासवडचे वि. म. तारकुंडे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. मतदाराचे वय अठरा करा आणि निवडणूक आयोग त्रिसदस्यीय करा, या तिच्या शिफारशी कालांतराने प्रत्यक्षात आल्या. मतदारसंघांत मतदार परिषदा उभारा, ही सूचना तेवढी कागदावर राहिली.

फिलिपाइन्समध्ये १९८३ साली नामफ्रेल ही नागरिक संघटना उभी राहिली. १९८६ च्या निवडणुकीत तिच्या स्वयंसेवकांनी केंद्राकेंद्रावरून आकडे जमवून समांतर बेरीज केली, आणि मार्कोस राजवटीचा जाहीर आकडा लोकांपुढे उघडा पडला. केनियात २०१७ ची अध्यक्षीय निवडणूक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. पुढे २०२२ च्या निवडणुकीत आयोगाने ४६ हजारांहून अधिक केंद्रांचे निकालपत्रक लोकांना पाहायला खुले केले, आणि कुणीही बेरीज करून पाहावी, अशी सोय झाली. व्हेनेझुएलात जुलै २०२४ मध्ये विरोधकांनी ऐंशी टक्क्यांहून अधिक केंद्रांची पत्रके गोळा करून जाहीर केली. तिन्ही ठिकाणी लोकांचा आधार होता केंद्रावर बसलेला माणूस आणि त्याच्या हातातले पत्रक.

मुकुंदवाडीपासून सुरुवात

आयोगाची ग्वाही आणि विरोधकांचा आरोप, दोन्ही आपल्याकडे विश्वास मागतात. निवडणूक विश्वासावर चालू नये, पडताळणीवर चालावी. विश्वास मागाहून येतो. त्यासाठी तीन मागण्या पुरेत. पक्षविरहित नागरिकांना निरीक्षक म्हणून केंद्रात बसण्याची कायदेशीर परवानगी. प्रत्येक केंद्राचा १७-सी त्याच रात्री संकेतस्थळावर. आणि महापालिकेसह प्रत्येक निवडणुकीत मतदाराला दिसणारी चिठ्ठी.

कायदा बदलेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. वस्तीतल्या महिला बचत गटाने, तरुण मंडळाने, निवृत्त शिक्षकाने आपल्या भागाची यादी निवडणुकीच्या आधी घरोघर फिरून वाचून काढावी. सर्व पक्षांच्या एजंटांना एकत्र बसवून त्यांचे अधिकार समजावून द्यावेत. मतदानाच्या संध्याकाळी प्रत्येक एजंटकडून १७-सीची प्रत पाहून एकाच वहीत सगळ्या केंद्रांचे आकडे उतरवावेत, आणि मोजणीच्या दिवशी ती वही उघडावी. आकडे जुळले तर निकाल कुणाचाही लागो, वस्ती निर्धास्त झोपेल. नाही जुळले, तर जालना रोडवरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जाताना हातात ओरड नसेल, कागद असेल.

पाण्याच्या टँकरवर ज्यांनी आपला हंडा आणि आपला नंबर कधी चुकू दिला नाही, त्या आयाबायांना हे काम अवघड नाही. फक्त एका संध्याकाळी, सहा वाजता, बूथवर हजर राहायचे आहे.